पायाखाली काय आहे?

श्रोतेहो, नमस्कार.

मुलीला नाचाच्या क्लासला घालताना आपण फी विचारतो, वेळ विचारतो. पायाखाली काय आहे, हे सहसा कुणी पाहत नाही. बरेच क्लास सोसायटीच्या हॉलमध्ये भरतात आणि तिथे काँक्रीटवर थेट फरशी बसवलेली असते.

कथकचा तत्कार घ्या. अनवाणी तळपाय सपाट आपटायचा, वर दीडशे-दोनशे घुंगरांचं ओझं. फरशी तसूभरही दबत नाही. टाचेखालची चरबीची गादी थोडा मार झेलते. उरलेला पोटरी, नडगी आणि गुडघ्याच्या वाट्याला येतो. भरतनाट्यममध्ये अरैमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धवट बसल्यावर, मांड्या आधीच ताणलेल्या असतात, त्यात वरून उड्या.

पण गंमत पुढेच आहे. उडीनंतर पाय टेकण्याआधीच पोटरी आणि मांडीचे स्नायू आवळलेले असतात. जमीन कितपत कडक असेल, याचा अंदाज शरीराने हवेतच बांधलेला असतो. हा अंदाज चुकला की घोटा मुरगळतो. म्हणून एकसारख्या कडक जमिनीइतकाच, माझ्या मते तिच्याहून जास्त, धोका कुठे कडक तर कुठे मऊ अशा जमिनीचा. गणेशोत्सवातलं स्टेज आठवा: पिंपांवर टाकलेल्या फळ्या, मध्येच एखादी हलणारी, आणि हे सगळं झाकणारी सतरंजी! त्याच सतरंजीवर चक्कर घेताना पाऊल अडकतं, अंग फिरतं आणि पीळ गुडघ्याला बसतो. फार मऊ गादीही कामाची नाही. तिच्यावर उडी मारायला पोटरीला जास्त राबावं लागतं.

मग काय करायचं? काँक्रीटवर नुसतं प्लायवूड चिकटवून काही साधत नाही. लाकूड लवायला खाली पोकळी हवी, म्हणजे रबराच्या तुकड्यांवर पट्ट्या आणि त्यांवर फळ्या. क्लासमध्ये गेलात तर टाच आपटून बघा. पोकळ, घुमणारा आवाज आला तर खाली जागा असण्याची शक्यता आहे. ‘टक्’ असा कोरडा आवाज आला, तर बाईंना उड्या आणि जोरकस तत्कार आटोपते घ्यायला सांगा. त्यात संकोच कसला?

आणि नडगीवर एकाच जागी बोट ठेवून ‘इथेच दुखतं’ असं मूल म्हणालं, बसल्या जागीही ठणकत असलं, तर तेल चोळत बसू नका. हाडाला बारीक चीर असू शकते. घुंगरू काढून ठेवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.