मांजराचा लळा

(दृश्य: इमारतीचा जिना. पावलांचा आवाज. दाराच्या आत एक बोका, कान टवकारलेले.)

संध्याकाळचे सात. जिन्यावर पावलं वाजतात. दिवसभरात या जिन्यावरून कितीतरी लोक चढले-उतरले, पण बोक्यानं सोफ्यावरून मान उचलली नाही. आता मात्र तो उठलाय. दाराशी आलाय. शेपटी सरळ वर.

दार उघडतं. तो पायाला एकदा अंग घासतो. मग पुन्हा एकदा. आपण कौतुकानं खाली वाकतो, आणि तेवढ्यात साहेब पाठ फिरवून चालू पडतात.

"बघा, मतलबी कुठला!"

कुत्रा माणसाचा, मांजर घराचं, असं घरात कुणी ना कुणी म्हटलेलं असतंच. पिल्लांना सात घरं फिरवणारा हा प्राणी. त्याला आपलं काय पडलंय?

प्रश्न तोच ठेवू, फक्त शब्द जपून वापरू. 'प्रेम' नको, ते मोजायला कुठून सुरुवात करणार? 'लळा' म्हणू. एक ठरावीक माणूस जवळ असला की जीव स्वस्थ, तो दिसेनासा झाला की चलबिचल. हे डोळ्यांनी पाहता येतं.

(दृश्य: रिकामी खोली. जमिनीवर आखलेलं एक वर्तुळ.)

अमेरिकेतलं ओरेगन राज्य विद्यापीठ. क्रिस्टिन व्हिटाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजराची पिल्लं आणि त्यांना सांभाळणारी माणसं अशाच एका खोलीत आणली. खोली मांजराला नवखी. माणूस वर्तुळात बसतो, मांजर मोकळं. दोन मिनिटं अशी जातात. मग माणूस उठून बाहेर जातो आणि दार बंद होतं. पुढची दोन मिनिटं मांजर एकटं.

(मांजराचा आवाज. फक्त तोच, काही सेकंद.)

मग दार उघडतं, माणूस परत येतो, आणि शेवटची दोन मिनिटं सुरू होतात. सगळं उत्तर या दोन मिनिटांत आहे.

ही पद्धत मुळात मांजरांसाठी नव्हती. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बाल्टिमोरमध्ये वर्षभराच्या तान्ह्यांना आणि त्यांच्या आयांना असंच एका खोलीत आणलं होतं. आई गेल्यावर मूल किती रडतं, एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. आई परत आल्यावर ते काय करतं, हे त्यांनी बारकाईनं पाहिलं. ज्या मुलाचा आईवर भरवसा आहे, ते तिला बिलगतं, शांत होतं, आणि पुन्हा खेळण्यांकडे वळतं. ज्याला तो भरवसा नाही, ते तिला सोडतच नाही, किंवा तिच्याकडे बघतही नाही.

आता आपला बोका आठवा. अंग घासलं, आणि निघून गेला.

ओरेगनच्या खोलीत हेच वागणं सुरक्षित लळ्याचं लक्षण मानलं गेलं. माणूस परत आल्यावर त्याच्याजवळ यायचं, निवांत व्हायचं, आणि मग खोलीतले कोपरे हुंगायला जायचं. ज्या पाठ फिरवण्याला आपण तुसडेपणा म्हणतो, ती या चाचणीत भरवशाची खूण ठरली. हा माणूस कुठं जात नाही, म्हणजे आता मला माझी कामं करता येतील.

2019 साली निष्कर्ष छापून आले. ज्यांची वर्गवारी करता आली अशी 70 पिल्लं होती. त्यातली 64.3 टक्के सुरक्षित लळ्याच्या गटात. मोठ्या 38 मांजरांत हे प्रमाण 65.8 टक्के. माणसाच्या तान्ह्यांत ते साधारण 65 टक्के असतं! पिल्लांना सहा आठवड्यांची शिकवणी देऊनही प्रमाणात फारसा फरक पडला नाही.

पण मला सगळ्यात आवडलेला आकडा छोटा आहे. उरलेल्या 25 पिल्लांपैकी बहुतेक माणसाला चिकटून बसणारी, कासावीस झालेली होती. माणसाला टाळणारी, म्हणजे गोष्टींमधून आणि विनोदांमधून आपल्याला भेटतं ते आखडू मांजर, असं फक्त 12 टक्के. 25 चे 12 टक्के म्हणजे तीन. सत्तरांत तीन.

(दृश्य: इंग्लंड. पावसाळी रस्ता, खिडकीत मांजर.)

इथं गोष्ट संपली असती तर सोपं झालं असतं. पण याच्या चार वर्षं आधी, 2015 मध्ये, इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात अॅलिस पॉटर आणि डॅनिएल मिल्स यांनी 20 मांजरांवर जवळपास असाच प्रयोग केला होता, आणि त्यांचा निष्कर्ष उलटा होता. सुरक्षिततेसाठी मांजर मालकावर अवलंबून असल्याचं त्यांना दिसलं नाही. एकच गोष्ट ठळक होती: अनोळखी माणूस निघून गेल्यावर मांजरं जेवढी ओरडली, त्यापेक्षा मालक निघून गेल्यावर जास्त ओरडली. तेही त्यांनी लळ्याच्या खात्यात टाकलं नाही. वैताग असेल, किंवा ओरडलं की माणूस येतो ही सवय असेल, असं त्यांचं म्हणणं.

मग खरं कोण? दोन्ही प्रयोगांत एक फरक होता. लिंकनच्या खोलीत अनोळखी माणूसही येत-जात होता, ओरेगनच्या खोलीत तो नव्हताच. शिवाय मांजराचा पूर्वज आठवा. तो आफ्रिका आणि पश्चिम आशियातला रानबोका, एकट्यानं शिकार करणारा. कुत्र्याच्या पूर्वजाला कळप होता, याला नव्हता. त्यामुळे माणूस नसेल तर मांजराचा जीवच जाईल, हे लिंकनवाल्यांना दिसलं नाही यात नवल नाही. आम्हाला विचाराल तर ओरेगनच्या बाजूनं थोडं झुकतं माप देऊ. माणसावाचून भागतं, म्हणून माणूस नकोच असतो, असं थोडंच आहे?

आणि मांजराचं लक्ष नसतं, असंही नाही. टोकियोत अत्सुको सायतो यांनी 20 मांजरांना त्यांच्या घरीच अनोळखी माणसांचे आवाज ऐकवले आणि मधेच मालकाचा. मांजरं आवाज ओळखत होती. कान हलले, मान वळली. उठून मात्र फारसं कुणी आलं नाही! 2021 मध्ये क्योटोच्या साहो ताकागी यांनी पुढची गंमत केली. मालकाचा आवाज आधी एका ठिकाणाहून ऐकवला, लगेच दुसऱ्याच ठिकाणाहून, जिथं तो इतक्या पटकन पोचूच शकत नाही. मांजरं चकित झाली. म्हणजे पाठ करून पहुडलेलं मांजरही, आपलं माणूस घरात कुठं आहे याचा हिशोब मनात ठेवून असतं.

फार हुरळून जाऊ नका मात्र. त्याच वर्षी जपानमध्येच असंही दिसलं, की मालकाला मदत नाकारणाऱ्या माणसाच्या हातूनही मांजरं खुशाल खाऊ घेतात. कुत्रे अशा माणसाला टाळतात. शेजाऱ्याशी तुमचं वाजलं असेल, तर बोक्याला साक्षीदार नेमू नका.

(दृश्य: गल्लीतली मांजरी, पोत्याआड तिची पिल्लं.)

गल्लीतलं मांजर हात लावू देत नाही, याचं कारणही बरंचसं लहानपणात आहे. फिलाडेल्फियात आयलीन कार्श यांनी दाखवलं, की वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लाला माणसाचा हात लागला, तर ते पुढे माणसाळतं. पोत्यामागची ही पिल्लं आता चार आठवड्यांची असतील. रोज दहा मिनिटं कुणी जवळ बसलं, तर यांच्या वागण्यात फरक पडेल.

'मांजर डोळे मिटून दूध पितं' असं आपण लबाडासाठी म्हणतो. ससेक्स विद्यापीठाच्या 2020 च्या अभ्यासात माणसानं सावकाश डोळे मिचकावले, तेव्हा मांजरांनीही तसंच केलं, आणि अशा माणसाजवळ ती जास्त सहज गेली. करून पाहायला पैसे पडत नाहीत.

(दृश्य: पुन्हा तेच घर. स्वयंपाकघर.)

सात वाजून पाच मिनिटं. पिशवी ओट्यावर ठेवलीय, दिवा लागलाय, पातेल्यात पाणी तापतंय. बोका स्टुलावर चढतो. तिथून ओट्यावर. ओरडा बसतो, तो ऐकत नाही. पिशवीत मेथीची जुडी आहे, बाकी काही नाही. मेथीशी त्याला काही देणंघेणं नाही. तरी पिशवीत डोकं घालून तो सावकाश, शेवटच्या पानापर्यंत, वास घेत राहतो.