पहिला डोळा

नागपूरच्या चितार ओळीत या दिवसांत पाय ठेवायला जागा मिळेल तर शपथ. चिताऱ्यांच्या वस्तीवरून या गल्लीचं नाव पडलं, आता मेट्रोच्या स्टेशनलाही तेच आहे. उद्या पोळा, परवा लहान मुलांचा तान्हा पोळा, चतुर्थी पाच दिवसांवर. लाकडी नंदीबैल रंगवून होतात न होतात, तोच गणपतींची आखणी.

दारात बसलेली ही मुलगी पंधरा वर्षांची. चेहरा दिसणार नाही, ही अट तिचीच. तीही आईकरवी सांगितलेली.

हात मात्र तुम्ही पाहिले असतील. शून्य नंबरचा ब्रश, नखात वाळलेली शाडू. गणपतीचा डोळा उघडतो, ते इन्स्टाग्रामवरचे व्हिडिओ हिचे. सोळाच्या आतल्यांचं खातं तिथे मुळात खासगी असतं, सगळ्यांना खुलं करायला घरच्यांची परवानगी लागते. ती आईने दिली. कॉमेंट वाचायचं काम बाबांकडे. जाहिरातीची विचारणा आली की ‘नाही’ तेच टाइप करतात, एका बोटाने.

आजोबांचा हिशेब वेगळा. ‘एका डोळ्याले एवढे लोक पाहून राह्यले, मंग गिऱ्हाईक भाव काऊन पाडते?’

ट्यूशनमध्ये कोणाला पत्ता नाही. शेजारच्या मुलीने एकदा हिला हिचाच व्हिडिओ दाखवला. ‘पाय नं, कोण पोट्टी आहे माहीत नाही, पण हात कसा चालते तिचा!’ हिने डबा पुढे केला. ‘चिवडा घे.’

परवाच मारबत, वाईटाला हाकलणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. दोघींची भेट पाहायला ती मैत्रिणींसोबत जाणार, फोन घरी ठेवून. त्या गर्दीत पडलेला फोन सापडत नाही, हे गेल्या वर्षी कळलं.

एक गोष्ट तिच्या चाहत्यांनाही दिसलेली नाही. आम्हालाही उशिराच दिसली. तिच्या प्रत्येक व्हिडिओत डोळा एकच असतो. दुसरा पहिल्याशी जुळवावा लागतो, बुबुळ तिळभर सरकलं तरी मूर्ती तिरळी दिसते. ‘तेव्हा कोणी पाहत असलं की हात कापते,’ ती म्हणते. म्हणून पहिला झाला की फोन बंद, पाटावर पालथा.

आताही पहिला झालाय. तिने ब्रश पाण्यात बुडवला, फडक्याला पुसला, आणि आमच्याकडे पाहिलं.

आम्ही कॅमेरा बंद केला.