काटा खाली आला म्हणून इंजिन खाली उतरवू नये

अध्यक्षमहोदय आणि जुन्या गाड्यांवर जीव जडलेल्या मित्रहो,

आजचा विषय पत्रिकेत 'जुन्या मोटारींच्या इंजिनातील कमी ऑइल प्रेशर : निदान आणि उपाय' असा छापला आहे. उपायांकडे मी येणारच आहे. परंतु निदानाविषयी माझे एक जुने म्हणणे आहे, ते मांडल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, आणि संयोजकांनी वेळ तर पाऊण तासच दिला आहे. माझे म्हणणे असे की ऑइल प्रेशरचा काटा हा इंजिनाच्या ताकदीचा काटा नव्हे, तो गळतीचा हिशेब आहे. पंपाने पाठवलेले ऑइल कोठून तरी गरजेपेक्षा सहज निसटते आहे, किंवा पंपालाच ते पुरेसे मिळत नाही, एवढेच तो सांगतो. कोठून निसटते हे शोधण्याआधीच इंजिन खाली उतरवण्याची जी रीत आपल्याकडे पडली आहे, तिच्याविरुद्ध बोलायला मी उभा आहे.

गोव्यात हा विषय ऐकायला सभागृह भरते यात नवल नाही. 1961 पूर्वी युरोपातल्या गाड्या इथे सुखाने उतरत होत्या. मुक्तीनंतर त्यांचे सुटे भाग मिळणे दुरापास्त झाले आणि आपल्या मेस्त्रींच्या हातांना खरे काम लागले. पुढे अ‍ॅम्बेसेडर आणि फियाट घरोघरी आल्या. आज या सभागृहाच्या व्यवस्थापकांनी आवारातल्या फरशीवर आधीच पुठ्ठे अंथरून ठेवले आहेत, त्यावरून आपल्या छंदाची कीर्ती कुठवर पोहोचली आहे ते कळते. बाहेरच्या गळतीची लाज वाटते ती अशी. आतल्या गळतीविषयी मात्र आपण निश्चिंत असतो.

पंप दाब निर्माण करतो, असा सर्वसाधारण समज आहे. पंप फक्त ऑइल ढकलतो. दाब तयार होतो तो पुढच्या अडथळ्यामुळे. फोंड्याकडच्या कुळागरात विहिरीवरचा पंप तोच असतो, परंतु पाइपाला चार ठिकाणी भोके पडली की वरच्या माडापर्यंत पाणी चढत नाही, तसेच हे आहे. इंजिनात ही भोके म्हणजे क्रँक, म्हणजे पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा, आणि त्याला आधार देणारी बेअरिंग यांच्यामधली फट. ही फट नव्या इंजिनात मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकीच असते, आणि त्याच दाबाला तिच्यातून निसटणारे ऑइल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली की गळती दुप्पट होत नाही, आठपट होते. तेव्हा झिजलेली बेअरिंग हे कमी दाबाचे एक खरेखुरे आणि गंभीर कारण आहे, हे मी नाकारत नाही. ते एकमेव कारण आहे, एवढेच नाकारतो.

येथे थोडे विषयांतर वाटेल, पण ते विषयांतर नव्हे. 1883 साली ब्यूशां टॉवर नावाच्या इंग्रज अभियंत्याने रेल्वेच्या बेअरिंगांवर केलेले प्रयोग तिथल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडले. त्याने बेअरिंगच्या माथ्यावर ऑइल सोडण्यासाठी भोक पाडले होते. आस फिरू लागताच त्या भोकातून ऑइल आत जाण्याऐवजी उलट वर येऊ लागले. त्याने बूच मारले, ते बाहेर आले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. शेवटी तेथे दर चौरस इंचाला 200 पौंडांपर्यंतचा दाब दाखवणारे गेज बसवले, तर काटा तेही ओलांडून गेला, आणि बेअरिंगवरचा सरासरी भार मात्र त्याच्या निम्म्याच्या आसपास होता. तिथे पंप नव्हताच; आस खालून ऑइलमध्ये बुडून फिरत होता, इतकेच. फिरणारा दांडाच ऑइलला स्वतःखाली पाचरीसारखे ओढून घेतो आणि त्यावर तरंगतो, हे गणित ऑस्बर्न रेनॉल्ड्सने 1886 मध्ये मांडले. सांगायचे तात्पर्य, क्रँकला उचलून धरणारा दाब क्रँक स्वतः तयार करतो. आपल्या डॅशबोर्डावरचे 50 पौंड त्या जागी ऑइलचा पुरवठा करण्यापुरते असतात. म्हणून गरम इंजिन मंद चालत असताना काटा 15 पौंडांवर उतरला तर जुन्या 1489 सीसीच्या अ‍ॅम्बेसेडरच्या मालकाने शांत झोपावे, आणि रस्त्यावर वेगात असताना तो 15 वर आला तर मात्र गाडी तिथल्या तिथे बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. आकडा तोच, अर्थ अगदी वेगळा.

आता माझे गाऱ्हाणे ऐका. आमच्या अ‍ॅम्बेसेडरचा ऑइल प्रेशरचा लाल दिवा रायबंदरला चोडणच्या फेरीबोटीची वाट पाहत रांगेत उभे असताना लुकलुकू लागला. एप्रिलचे ऊन, इंजिन तापलेले, मंद चाललेले. थोडी रेस दिली की दिवा विझायचा. मी गाडी एका नामांकित गॅरेजमध्ये नेली. नाव सांगत नाही, समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांना ते ठाऊक आहे. तेथील प्रमुखांनी गेज लावले नाही, ऑइलची पातळी दाखवणारी डिपस्टिक काढली नाही, दिव्याची वायर तपासली नाही. बॉनेट उघडून कान लावला आणि 'बेअरिंग गेली' असा निकाल दिला. इंजिन उतरले. क्रँक ग्राइंडिंगला गेला, वीसवर घेतला, म्हणजे इंचाच्या वीस सहस्रांशाने बारीक केला, नवी बेअरिंग आली, रिंग आल्या, आणि 'खोललेच आहे तर' या वाक्याने सुरू होणारी बिलातली प्रत्येक ओळ आली. पावसाळाभर इंजिन खोक्यात आणि गाडी ताडपत्रीखाली होती. चतुर्थीला गाडी परत मिळाली, आणि त्याच फेरीबोटीच्या रांगेत तोच दिवा त्याच थाटात लुकलुकला.

गॅरेजचे म्हणणे पडले की नवी बेअरिंग बसायला वेळ लागतो. मग म्हणाले, रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर घालू. हा वॉशर म्हणजे आपल्या धंद्यातला रामबाण समजला जातो, म्हणून त्याच्याविषयी स्पष्ट बोलतो. रिलीफ व्हॉल्व्हचे काम दाब एका मर्यादेवर गेला की जादा ऑइल इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये परत सोडणे हे आहे. गरम इंजिन मंद चालताना दाब त्या मर्यादेच्या कितीतरी खाली असतो. व्हॉल्व्ह तेव्हा बंदच असला पाहिजे. बंद दरवाजाला आणखी एक कडी लावून गळती थांबत नाही. वॉशरने फक्त वरची मर्यादा वाढते आणि सकाळी थंड इंजिन चालू करताना फिल्टरच्या सीलवर नको तितका ताण येतो.

शेवटी फोंड्याच्या एका वृद्ध मेस्त्रींनी गाडीखाली पुठ्ठा टाकला आणि इंजिनाच्या डाव्या अंगाला मागच्या बाजूस असलेली रिलीफ व्हॉल्व्हची घुमटासारखी ढिबरी, म्हणजे नट, पान्याने सोडवली. आतून स्प्रिंग आली, तिच्यामागून प्लंजर आला. त्यांनी प्लंजर चिंधीने पुसून उजेडात धरला. त्याच्या उतरत्या टोकावर गोल फिरणारी चकचकीत रेघ हवी. ती एका जागी तुटलेली होती, आणि बरोबर त्या जागी तिळाएवढा काळा कण रुतून बसला होता. जुन्या गॅस्केटचा कडक झालेला तुकडा. म्हणजे जो दरवाजा बंद असायला हवा तो कायम किलकिला होता, आणि क्रँकच्या वाट्याचे ऑइल तिथून परत चेंबरात जात होते. कण काढला, किंचित ग्राइंडिंग पेस्ट लावून प्लंजर सीटवर फिरवला, सगळे रॉकेलने धुतले. गरम इंजिन, मंद गती, यांत्रिक गेज: 18 पौंड. बदललेली जुनी बेअरिंग मी पिशवीतून आणली आहेत, नंतर पाहून घ्या; राखाडी थर शाबूत आहे, खालचा थर कोठेही उघडा पडलेला नाही.

आणखी एक उपद्व्याप म्हणजे जाड ऑइल. 20W-50 या जाड ग्रेडचे ऑइल वापरू नका असे मी म्हणत नाही. आपल्या हवेत बऱ्याच जुन्या इंजिनांना ते मानवते, आणि गोव्याची थंडी 20 अंशांच्या फारशी खाली जात नसल्यामुळे W च्या आधीच्या, थंडीतली चिकटाई सांगणाऱ्या आकड्याची चिंता आपण करण्याचे कारण नाही. परंतु 100 अंश तापमानाला 30 ग्रेडच्या ऑइलची चिकटाई 9.3 ते 12.5 सेंटिस्टोक आणि 50 ग्रेडची 16.3 ते 21.9 असते, म्हणजे नुसता डबा बदलला तरी काटा चढणारच. गळती तिथेच आहे, फक्त गळणारा पदार्थ दाट झाला. काकवीसारखी औषधे ओतून गाडी विकणाऱ्यांना हे विज्ञान उत्तम अवगत असते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटे उरली आहेत. म्हणजे पत्रिकेत छापलेले व्याख्यान आता सुरू होते; कृपया भरभर ऐका.

सर्वांत आधी डिपस्टिक. पातळी कमी असेल तर भरा. पण वाढलेली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर फ्युएल पंपाचा डायफ्राम फाटला आहे, पेट्रोल चेंबरमध्ये उतरते आहे आणि ऑइल पातळ झाले आहे. पंप आणि ऑइल बदलेपर्यंत गाडी चालवू नये. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी आहे. त्यानंतर दिव्याचा स्विच: तो दाब नसताना वायर बॉडीला जोडतो, त्यामुळे वायरचे आवरण घासून ती बॉडीला लागली तरी दिवा पेटतो, आणि खाऱ्या हवेत टर्मिनल गंजून उलट दिवा पेटतच नाही, जे जास्त वाईट. म्हणून स्विच काढून त्या जागी यांत्रिक गेज लावा आणि चार आकडे वहीत लिहा: थंड असताना मंद, थंड असताना मिनिटाला 2000 फेऱ्यांना, आणि इंजिन पुरते तापल्यावर पुन्हा तेच दोन. इंजिन तापलेले म्हणजे अर्धा तास चाललेले, कारण 40 ते 100 अंशांमध्ये 20W-50 ची चिकटाई आठ-नऊ पट उतरते आणि खोड तेथेच उघडी पडते.

थंडपणी चांगला आणि गरमपणी कोसळणारा दाब बेअरिंगकडे किंवा पातळ झालेल्या ऑइलकडे बोट दाखवतो. थंड-गरम दोन्ही वेळा कमी असेल तर आधी रिलीफ व्हॉल्व्ह पाहा, मग पंप. वळणावर किंवा ब्रेक लावताना काटा पडत असेल तर पातळी किंवा पंपाची शोषनळी. वेग वाढवल्यावर दाब वाढण्याऐवजी घसरत असेल तर चेंबरमधली जाळी गाळाने तुंबली आहे. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या किंवा बाजारापुरत्याच चालणाऱ्या गाड्यांत हे हमखास आढळते, कारण ऑइल कधी पुरते तापत नाही आणि आतली दमट हवा तिथेच थिजते. चेंबर उतरवण्याची पाळी आता, आणि बेअरिंगची टोपी उघडण्याची त्याच्याही नंतर.

पंप खोललाच तर बसवण्यापूर्वी गिअरांमध्ये पेट्रोलियम जेली भरा, ग्रीस नव्हे. ग्रीस विरघळत नाही आणि ऑइलच्या वाटेत अडकते. मग स्पार्क प्लग काढून इंजिन स्टार्टरवर थांबून थांबून फिरवा, आणि गेजचा काटा उठल्यावरच प्लग लावून इंजिन चालू करा. डिझेल मर्सिडीजवाल्यांचे हात मघापासून वर आहेत, त्यांचे प्रश्न चहाच्या वेळी घेऊ.