अंगठा लागत नाही, तेव्हा

श्रोतेहो,

ग्रामीण महिलांचे आर्थिक समावेशन आणि त्यात कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा वाटा, हा आजचा विषय आहे. समोर बचत गटांच्या ताया बसल्या आहेत, तसेच हा निधी मंजूर करणारे अधिकारीही आहेत. माझे म्हणणे मुख्यतः अधिकाऱ्यांसाठी आहे. तायांना त्यातले पुष्कळसे माझ्याआधीपासून ठाऊक आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात, दिवाळीनंतर, मी बँक मित्राच्या, म्हणजे गावातच बँकेचे व्यवहार करून देणाऱ्या माणसाच्या, दुकानात बसले होते. दिवसभर कापूस वेचून एक मावशी पैसे काढायला आल्या. त्यांनी यंत्रावर अंगठा ठेवला; ओळख पटली नाही. अंगठा पदराने पुसला, ओला करून पुन्हा ठेवला, मग तर्जनी लावून पाहिली, मग दुसऱ्या हाताची बोटे. वेचणीच्या दिवसांत वाळलेल्या बोंडांची टोके बोटांना सारखी टोचतात, कातडी चिरते आणि रेषा पुसट होतात. ज्या हंगामात बाईच्या हाती चार पैसे येतात, त्याच हंगामात तिचे बोट यंत्राला ओळखू येत नाही. चौथ्या नकारानंतर मावशी म्हणाल्या, "माह्याच पैशाले मीच नाही चालत का, ताई?" बँकेची शाखा तालुक्याच्या गावी होती, तिथे जायचे म्हणजे दुसऱ्या दिवसाची वेचणी बुडणार, आणि वेचणीची मजुरी तर किलोवर मिळते. त्या रिकाम्या हाताने परत गेल्या.

त्या गावात एका कंपनीच्या निधीतून चाललेल्या कार्यक्रमाचे काम आमच्या संस्थेकडे होते आणि 'समावेशन झालेल्या महिला' या यादीत मावशींचे नाव होते. ती यादी मीच केली होती. खाते उघडलेले होते, आधार जोडलेला होता, प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर सही होती, म्हणजे आमच्या लेखी काम पूर्ण झालेले होते. ती चूक माझी होती आणि आजचे सारे बोलणे त्या चुकीतूनच आले आहे.

खाती उघडण्याचे काम आता बहुतेक उरकले आहे. २८ ऑगस्ट २०१४ रोजी जनधन योजना सुरू झाली. २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिना १५०० रुपये आधार जोडलेल्या खात्यात जमा होऊ लागले, तेव्हा उरलेल्या बायकांनीही बँकेत रांगा लावल्या. त्यामुळे कंपनीने आज खाती किती उघडली हे मोजणे म्हणजे पेरून झालेल्या वावरात पुन्हा बियाणे टाकण्यासारखे आहे. मोजायचे ते पुढचे: तिने स्वतः जाऊन, कुणाच्या हाती कार्ड न देता, दुसरा आणि तिसरा व्यवहार केला का? जून ते सप्टेंबर या घरात पैसा नसलेल्या महिन्यांत ते खाते तिच्या कामी आले का?

हे एका वर्षात होत नाही, आणि कायदाही एका वर्षाची सक्ती करत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एकही मर्यादा गाठणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात, आणि आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यायचे असते. त्याच नियमांत चालू प्रकल्पाची सोय आहे: सुरुवातीचे वर्ष सोडून पुढची तीन वर्षे प्रकल्प चालू ठेवता येतो आणि न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवता येते. तरीही बहुतेक प्रस्ताव माझ्या हाती येतात ते ३१ मार्चला संपणारे. मंजुरीला पावसाळा उलटतो, पहिला हप्ता येईस्तोवर वेचणी लागते, आणि मग आम्ही भर वेचणीत, भर दुपारी बायकांना शिबिराला बोलावतो. त्या येतात, कारण त्यांना नाही म्हणवत नाही. त्यांची बुडालेली मजुरी कुठल्याही अंदाजपत्रकात मांडलेली नसते.

कर्जाच्या बाबतीत तर याहून जास्त गाफील आहोत. पीककर्ज सातबाऱ्यावर मिळते आणि सातबारा बहुधा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावे असतो. जमीन बायकोच्या नावे करा, या शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या हाकेला याच मुलखातल्या शेतकऱ्यांनीही साथ दिली होती, हे इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. ते काम अर्धेच राहिले. म्हणून बाई गटाकडे जाते, आणि गटाचे पुरले नाही की फायनान्सवाल्यांकडे. तिथे हप्ता आठवड्याचा किंवा महिन्याचा, आणि कापसाचा चुकारा मात्र हंगामातून एकदा-दोनदा. एक हप्ता भरायला दुसरे कर्ज निघते. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२२ पासून लागू केलेल्या नियमांनुसार, वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, दोन हप्त्यांमधले अंतर कर्जदाराच्या सोयीने ठेवण्याचे धोरण कर्ज देणाऱ्याकडे असले पाहिजे, आणि सकाळी ९ च्या आधी व संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी तगादा लावता येत नाही. एटीएमचा पिन कसा दाबायचा हे आम्ही बायकांना तीन-तीनदा शिकवले. हे तीन नियम मात्र एकदाही वाचून दाखवले नाहीत. रात्री दारात वसुलीवाला उभा असताना त्या बाईला पिनचा काय उपयोग?

म्हणून अधिकारी मित्रांना माझे मागणे थोडके आहे. शिबिरांचा, मंडपांचा, छापील पिशव्यांचा खर्च कमी करा आणि गावातल्याच एका बँक सखीचे, म्हणजे बँक मित्राचेच काम करणाऱ्या बाईचे, मानधन चार हंगाम द्या. तिच्याजवळ बोटाखेरीज चेहऱ्यावरूनही ओळख पटवण्याची सोय द्या आणि तिची वेळ संध्याकाळची ठेवा, कापसाचे वजन होऊन बाया घरी परतल्यानंतरची. तिच्या वहीत खात्यांचा आकडा नको. कुणाचा अंगठा लागला नाही, ती बाई त्या दिवशी रिकामी गेली का, आणि गेली असेल तर पैसे तिला पुढे कधी मिळाले, एवढे लिहिलेले असावे. आमची अशी वही गेल्या हंगामापासून सुरू आहे. तिच्या पहिल्या पानावर पहिले नाव मावशींचे आहे, आणि त्यांच्या नावापुढे 'तिसऱ्या दिवशी मिळाले' असे लिहिले आहे.