एकाच रात्री, सगळ्यांनी

(पहाटेचा अंधार. चुलींचा जाळ.)

वाळवा तालुक्यातलं एक मोकळं रान. ऊसतोड मजुरांच्या कोप्या. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून आलेली ही माणसं साखर कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत इथंच राहणार. बाया भाकरी थापतायत, कोयत्यांवर कानस फिरतेय. आणि एका कोपीच्या दाराशी सात-आठ वर्षांची पोर हात खाजवत बसलीय.

तो हात जवळून बघा. बोटांच्या बेचक्यांत पुरळ, मनगटावर नखांचे ओरखडे. मध्येच केसाएवढी बारीक, नागमोडी रेघ. ती रेघ म्हणजे बीळ. खरजेच्या किड्याची मादी कातडीच्या वरच्या थरात ते कोरते आणि रोज दोन-तीन अंडी घालत पुढं सरकते. आकार अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. साध्या खरजेत अख्ख्या अंगावर दहा-पंधराच किडे असतात, पण शरीराला त्यांचं वावडं असतं, म्हणून खाज अंगभर.

"दिवसा लई न्हाई वो. रातच्याला गोधडीत शिरलं की सुरू," आई सांगते.

"आंघोळ करत नाहीत, मग होणारच," असं आसपास सर्रास ऐकू येतं. ऐकून राग येतो, कारण ते खरं नाही. बिळातल्या किड्यापर्यंत साबण पोचत नाही. खरूज पसरते ती कातडीला कातडी बराच वेळ लागून राहिल्यानं. एवढ्याशा कोपीत पाच जण एकमेकांना बिलगून निजतात. आणि पहिल्यांदा लागण झालेल्याला चार ते सहा आठवडे खाजच सुटत नाही, तरी त्याच्याकडून ती दुसऱ्याला लागते.

औषध आहे. पाच टक्के पर्मेथ्रिनचं मलम मानेपासून तळपायापर्यंत लावायचं. बेंबीत, काखेत, जांघेत, नखांखालीसुद्धा. आठ ते चौदा तास अंगावर ठेवून मग आंघोळ. आठवड्यानं पुन्हा एकदा. खाज असो-नसो, कोपीतल्या सगळ्यांनी, एकाच रात्री. तान्ह्या बाळाचं मात्र डॉक्टरांना विचारून.

पण ती रात्र आणायची कुठून? संध्याकाळी मलम लावलं आणि अकराला गाडी भरायची हाक आली, की बाप मोळी डोक्यावर घेऊन घामाघूम. पहाटे आई पिठाला हात लावायच्या आधी हात धुते. बेचक्यांतलं मलम तिथंच जातं. ते परत लावायचं असतं, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. बरेचदा ट्यूब मिळते एकच. ती पोरीला लागते, आणि बरी झालेली पोर पुन्हा त्याच गोधडीत निजते. मग कुणीतरी दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणतं. खाज दबते, किडे तसेच राहतात. खाजवून जखमा चिघळल्या, तर काही मुलांत जखमेत शिरलेल्या जंतूंचा त्रास थेट मूत्रपिंडापर्यंत जातो. खरजेला किरकोळ समजू नये, ते यासाठी.

(संध्याकाळ. हंड्यात पाणी उकळतंय.)

आज तोड बंद आहे. मुकादमानं रात्रीची गाडीही दुसऱ्या टोळीला दिलीय. कपडे, चादरी उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळल्यात. भाकरी थापून झाल्यात. दवाखान्यातून माणशी एक अशा ट्यूबा आल्यात.

"अजून दोन-तीन आठवडे खाज राहील, घाबरू नका. किडे मेले तरी ती लगेच जात नाही," आशाताई समजावतात.

आई आजीच्या पाठीला मलम लावतेय. पोर आपली बोटं फाकवून वाट बघत बसलीय.