बांबूतला भुंगा, भिंतीवरची कुंभारीण

दिंडोरी तालुक्यातला टोमॅटोचा प्लॉट. बांबू, तार, सुतळी. कडेच्या जाड बांबूला पडलेलं ते गोल भोक बघा. खाली ताजा भुसा सांडलाय.

हे भुंग्याच्या मादीचं काम. हिमालयातल्या थंड हवेत राहणारी केसाळ बंबलबी माशी वेगळी, ती आपल्याकडे नाही. हा आपला लाकूड कोरणारा काळा भुंगा. लाकूड तो खात नाही, नुसतं कोरतो. आत मादी पराग आणि मधुरसाचा गोळा ठेवते, त्यावर एकच अंडं घालते आणि भुशाचा पडदा लिंपते. मग पुढची खोली.

आता शेजारचं वांग्याचं फूल. याचे पराग पुंकेसरांच्या आत बंद असतात, टोकाला फक्त बारीक छिद्र. भुंगा फुलाला घट्ट धरतो, पंख न फडफडवता छातीचे स्नायू थरथरवतो. आवाज चढला, ऐकलात? पिवळी भुकटी थेट त्याच्या पोटावर पडली. मधमाशीला हे जमत नाही. टोमॅटो स्वतःच्या परागावर फळतो, तरी असा हादरा बसला की फळ चांगलं धरतं. युरोपातले शेतकरी याच कामासाठी काचघरांत बंबलबीच्या पेट्या विकत आणून ठेवतात. आपल्या बांधावर हा कामकरी फुकट येतो.

ठिबकच्या नळीखाली ओल झालीय, तिथे मातीचं घरटं बांधणारी कुंभारीण माशी उतरलीय. कंबर दोऱ्याएवढी. जबड्यात चिखलाची गोळी घेऊन ती पडवीच्या भिंतीकडे निघाली. माती लिंपताना तीही गुणगुणते. थरथर तीच, भुंग्याची पराग झाडायला, हिची चिखल पसरायला.

स्वतः ती फुलातला रस पिते. पिलांना मात्र कोळी लागतात. नांगी मारून ती कोळ्याला लुळा करते, जिवे मारत नाही, म्हणून तो टिकतो. एकेका कोठडीत असे कितीतरी कोळी, एक अंडं, आणि वर मातीचं झाकण. अळी बाहेर आली की शिदोरी तयार.

दोघींनाही राखायला पोळं नसतं, त्यामुळे त्या माणसाच्या मागे लागत नाहीत. तरी पडवीतली घरटी काठीने फोडली जातात. भर फुलोऱ्यात सकाळी फवारा बसला की भुंगे मरतात, आणि हंगाम संपल्यावर जुने बांबू पेटवले की आतली पिलंही जातात.

फवारणी संध्याकाळी घ्या. भोकं पडलेले चार बांबू बांधावर राहू द्या.