जळगावला उतरणारा पाहुणा

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात, तापीच्या काठी वसलेल्या सारंगखेड्याकडे घोडे घेऊन निघालेल्या गाड्यांची रीघ लागते. एकमुखी दत्ताच्या यात्रेनिमित्त भरणारा हा घोडेबाजार तीनशे वर्षांहून जुना मानला जातो. राजस्थान, गुजरात, पंजाब आणि उत्तर प्रदेशातील व्यापारी येथे मुक्काम ठोकतात. समोर दिसतो आहे तो मारवाडी जातीचा घोडा. आत वळून टोकाशी एकमेकांना भिडणारे कान ही त्याची ओळख. जाणकार गिऱ्हाईक आधी ओठ उचलून दातांवरून वय ताडतो, मग मानेवरचा देवमण हा शुभ मानलेला भोवरा पाहतो, चारही पायांवरून हात फिरवतो आणि त्यानंतरच घोडा चालवून दाखवायला सांगतो. रेवाल चालीत पाठीवरचा स्वार जवळजवळ हलत नाही, आणि अशा चालीच्या घोड्याला भावही तसाच चढा मिळतो.

या बाजाराला चेतक महोत्सवाची जोड मिळाली आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळही त्यात उतरले. राहण्यासाठी तंबू, अश्वस्पर्धा, सांस्कृतिक कार्यक्रम आणि जाहिरात यांमुळे सारंगखेड्याचे नाव राज्याबाहेर गेले, याचे श्रेय शासनाला दिलेच पाहिजे. मात्र घोडे पाहायला आलेला माणूस तापीकाठीच काही अंतरावर असलेल्या, दक्षिणकाशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकाशे येथील केदारेश्वराच्या घाटावर क्वचितच पोहोचतो, कारण त्याला तिकडे नेणारी ठरलेली सहल नाही.

तोरणमाळचेही तेच. शहाद्याहून पन्नासेक किलोमीटरवर, सातपुड्यात सुमारे १,१५० मीटर उंचीवर असलेल्या या पठाराकडे घाट चढू लागला की पावसाळ्यात दर वळणावर ढग आडवे येतात. वर पोहोचल्यावर यशवंत तलाव आहे, सीताखाईचा खोल कडा आहे आणि महाशिवरात्रीला हजारो भाविकांना खेचून आणणारे गोरक्षनाथांचे स्थान आहे. महामंडळाचे निवासस्थानही येथे आहे. पण ज्या पावरा आणि भिल्ल समाजाचा हा डोंगर आहे, त्यांच्या घरची भाकरी आणि त्यांची रानाची माहिती पर्यटकापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था व्हायला हवी, आणि खरे काम तेथेच आहे. ते झाले, तर मजुरीसाठी गुजरातेत जाणारी काही कुटुंबे गावातच राहतील.

खान्देशात पर्यटक येत नाहीत, असे म्हणणे चूक ठरेल. १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या अजिंठ्याला जाणारे देशी-विदेशी प्रवासी जळगाव स्थानकावरच उतरतात आणि साठेक किलोमीटरचा रस्ता धरून शेजारच्या जिल्ह्यात निघून जातात. त्यांना एक रात्र इथे थांबवायचे, तर दाखवण्यासारखे पुष्कळ आहे. जळगावातच महात्मा गांधींच्या जीवनावरचे गांधीतीर्थ हे संग्रहालय आहे, तर चाळीसगावजवळ, गौताळा अभयारण्याच्या कुशीत पाटणादेवीचे मंदिर आहे. तेथील पाटणच्या शिलालेखात थोर गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. गणिताच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी यावे, अशी ही जागा आहे, आणि खान्देशातल्या किती शाळा आपली सहल येथे आणतात, हा प्रश्न आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो.

राज्याच्या २०२४ च्या पर्यटन धोरणाने दहा वर्षांत एक लाख कोटी रुपयांची गुंतवणूक आणि १८ लाख रोजगारांचे उद्दिष्ट समोर ठेवले आहे. त्यातील खान्देशच्या वाट्याचे काम मोठ्या प्रकल्पापासूनच सुरू व्हायला हवे असे नाही. जळगाव स्थानकावर माहिती केंद्र, तेथून पाटणादेवी, प्रकाशे आणि तोरणमाळ जोडणारी एस.टी.ची पर्यटन बस, वाटेवर वाचता येतील असे फलक, स्वच्छ प्रसाधनगृहे आणि स्थानिक तरुणांना मार्गदर्शकाचे प्रशिक्षण, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्हा प्रशासनांनी एकत्र बसून पुढच्या सारंगखेडा यात्रेच्या आत ही बस रस्त्यावर आणावी, अशी आमची मागणी आहे.